मयताचं एकच वाक्य

...आन वर मलाच इचारत्यात, "हवालदार, तुमी उठला का न्हाई?" आता तुमास्नी सांगतो, उठायचं कसं? समोर पुढारी हात जोडून, डोळं मिटून उभा, त्येच्या मागं तीनशे माणूस ताठ उभं, आन माझ्या छातीवर ताजा हार. असल्यात कुणी उठतंय व्हय? मी आपला पडून.

थांबा, उलटं झालं. पयल्यापास्नं सांगतो.

आमच्या वडूजला बशीरभाईचं टेलरिंगचं दुकान हाय. बशीरभाई दिवसभर शाळंचे गणवेश शिवतो आन शिवता शिवता स्पर्धंसाठी अर्ध्या तासाची इनोदी नाटकं लिवतो. त्येच्या प्रत्येक नाटकात एक मयत असतंय. का, म्हणून एकदा इचारलं, तर म्हणला, "मयत असलं की लोक पयल्यापास्नं गप बसत्यात, मग हसवायला सोपं जातं." असंल. तर ते मयत म्हंजी मी. आठ वरसं झाली. मिलिटरीत सतरा वरसं काढली, हलू नको म्हणलं की हलायचं न्हाई, एवढंच शिकून आलोय, त्यामुळं मी बशीरभाईला लय पसंत. माशी नाकावर बसू दे, मुंगी कानात जाऊ दे, मी आपला पडून. लोक इचारत्यात, कसं वाटतं वो असं पडून? बरं न्हाई, वाईट न्हाई... काय वाटतच न्हाई. रिटायर होऊन आल्यापास्नं मला कशाचंच काय वाटत न्हाई, मग स्टेजवर काय निराळं वाटणार?

आमची मंडळी, संयोगिता, नाटकाला एकदाबी आली न्हाई. "मयताचं काम काय बघायचं? घरात रोज बघती की." बरुबर हाय तिचं. मी घरात बोलतच न्हाई. जेवाय वाढू का म्हणली की मान हलवायची, नको असलं की निराळी हलवायची, झालं.

तर ह्या वरसाला बशीरभाईनं मयताला वाक्य दिलं. एकच. नाटकात म्हातारा मेल्याचं सोंग घेतो, पोरं-सुना त्येच्या डोक्याशी बसून तेराव्याला बुंदी करायची का जिलेबी ह्यावरनं भांडत्यात, आन शेवटाला म्हातारा तिरडीवर उठून बसतो आन म्हणतो, "मला बी जरा बोलू द्या की." संपलं, पडदा. तीन महिनं तालीम. आन तुमास्नी खरं सांगतो, ते वाक्य म्हणताना माझ्या घशात कायतरी हलायचं. किती वरसांनी हललं. घरी जाऊन मी आपणहून बोललो, "आवंदा नाटकाला ये. वाक्य हाय." ती भाकरी थापत हुती, हात थांबला. "कुणाला?" म्हणलं, "मला."

आली की वो. तिसऱ्या रांगंत, कडंची खुर्ची, निळी साडी. मयतानं डोळा उघडायचा न्हाई, पर मी बारीक फट ठिवून बघून घेतलं.

नाटक रंगलं. बुंदीला एक हशा, जिलेबीला दुसरा. पंचवीस मिनिटांची घंटा झाली. तीस झाली की पडदा पाडत्यात, नियमच हाय, पर माझं वाक्य दोन मिनिटांवर आल्यालं, चिंता न्हवती. तेवढ्यात दाराशी गाड्या थांबल्या. नानासो आलं.

नानासो म्हंजी आमच्या भागाचं पुढारी. माणूस चांगला, कुणाचं बी मयत चुकवत न्हाई. आमच्याकडं तिसऱ्या दिशी राख सावडायला नदीवर अख्खा गाव जमतो, तिथं पुढाऱ्यानं चार शब्द बोलायचं असतंय, आन नानासो एका दिवसात तीन-तीन ठिकाणी बोलत्यात. त्या दिशी म्हसवडचं उरकून आलतं, फुडं खंडाळ्याचं धरायचं हुतं, आन मधी वाटंत आमची स्पर्धा. पुढारी आला की चाललंय ते थांबवून त्येला आधी स्टेजवर घ्यायचं, ही तर पद्धतच. घेतलं. हार घातला. नानासोंनी बघितलं... तिरडी, पांढरं कापड, डोक्याशी चार माणसं, समोर गर्दी. त्यांचा चेहरा आपसूक उतरला. गळ्यातला हार काढून माझ्या छातीवर ठिवला आन निवेदकाला हळूच म्हणलं, "नाव?" निवेदकाच्या हातात आमचा कलाकारांचा कागद. त्येनं घाबरून जे लिवलं हुतं ते वाचलं, "मयत, निवृत्त हवालदार जोतीराम विरकर."

खोटं काय हाय त्यात?

नानासोंनी माईक घेतला. "जोतीरामसारखा मनमिळाऊ माणूस आज आपल्यात नाही. देशासाठी झिजला. घरी आल्यावरही कधी कुणाला एका शब्दानं दुखवलं नाही." न्हाईच की, बोलतो कुठं मी? लोकं अजून हसत हुती, त्यास्नी वाटलं नाटकातलंच हाय. मग नानासो म्हणलं, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया," आन हशा जागच्या जागी बंद झाला. आमच्या मुलखात हे म्हणलं की माणूस उभाच राहतो, कुणाला इचारत न्हाई. परीक्षक उठलं. दारातला भजीवाला उठला. फटीतनं बघितलं तर तिसऱ्या रांगंतली निळी साडी बी उठल्याली.

बशीरभाई पडद्याआडनं कुजबुजला, "हवालदार, उठू नगा, नानासोंची चारचौघांत शोभा हुईल." मी आपला पडून. डावा पाय बधिर, वाक्य जिभंवर तयार, आन ती दोन मिनिटं संपायच्या आत तीस मिनिटांची घंटा झाली. पडदा.

काय वाटलं म्हणता? वाटलं वो. पडद्यामागं तिरडीवर उठून बसलो आन रडलो, तालमीत सुदिक आलं न्हवतं एवढं रडू आलं. बशीरभाई म्हणला, "हे आधी केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं." मग डोळं पुसलं. फुडं परत काय न्हाई.

नानासोंना कुणी सांगितलंच न्हाई. कोण सांगणार? जाता जाता निवेदकानं संयोगिताकडं बोट केलं, तर नानासो तिच्याफुडं हात जोडून "खचू नका, वहिनी," म्हणलं आन खंडाळ्याला गेलं.

गाडीवर मागं बसून ती घरापतुर आली. घरात आल्यावर म्हणली, "लय चांगलं बोललं वो नानासो. तुमच्याविषयी असं कुणी बोलल्यालं मी ऐकलंच न्हवतं." म्हणलं, "माझं वाक्य राहिलं." म्हणली, "राहू द्या. उठला असता तर एवढ्या भाषणाचं वाटोळं झालं असतं." आन पदर खोचून जरा इचार करून म्हणली, "एक बरं झालं बघा. हार झाला, भाषण झालं, लोकं उभी राहिली, माझं बी सांत्वन झालं. फुडं कुणाला तरास न्हाई."

बरुबर हाय तिचं. सगळं उरकलंय... आता मरायचं तेवढं राहिलंय, ते करतो सवडीनं.