डावी ओळ

सून : आई, गच्चीवरच्या या डाव्या ओळीतली सगळी रोपं उपटून बघितली. मुळांवर एकही गाठ नाही.

सासू : मग बरंच झालं की. तोंड का उतरलंय तुझं?

सून : इथे गाठी यायला हव्या होत्या. मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी मीच सोडलेत ना दोन्ही ओळींच्या मातीत. उजवीकडच्या टोमॅटोंना अमिनो आम्लाचं पाणी, डावीकडच्यांना साधं. फरक दिसला तरच औषधाचा गुण म्हणायचा.

सासू : आता दोन्हीकडे गुण आलाय. दुप्पट फायदा.

सून : आई, मी प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा डाव्या ओळीला काय घातलंत?

सासू : तुझ्या बाटलीतलंच. पुरावं म्हणून अर्धं-अर्धं वाटलं. एकीला मापून औषध आणि दुसरीला नळाचं पाणी, सवतीची पोरं असल्यासारखं! मला नाही बघवलं.

सून : आता कृमी औषधाने मेले, की मी मेलेलेच सोडले होते, हे कोण सांगणार?

सासू : मी सांगते की तुझ्या संस्थेतल्या साहेबांना. त्यात काय.

सून : त्यांना निष्कर्ष हवेत, साक्षीदार नकोत. या महिन्यात नाही दिले तर परगावची ती संशोधनाची जागा दुसऱ्याला जाईल. मागच्या वेळी मामंजींचं आजारपण निघालं, त्याआधी माझं बाळंतपण. या खेपेला तुमच्या मुलाने कबूल केलं होतं, प्रयोग जमला की बाळाला घेऊन जा म्हणून.

सासू : पुन्हा लाव. पुढच्या हंगामात.

सून : डाव्या ओळीला हात लावू नका, असं बजावून गेले होते ना मी?

सासू : बजावलं होतंस. आणि फरक दिसला की मी चालले, असंही म्हणाली होतीस.

(सून हातातलं रोप खाली ठेवते.)

सून : म्हणजे मुद्दाम?

सासू : तू गेलीस की या घरात माझ्याशी बोलणारं कोण? हे दोघे बापलेक जेवतात, ताट सरकवतात आणि उठतात. त्यांना भाजी कशी झाली विचारलं तर म्हणतात, हं.

सून : मला तसं सांगायचं होतंत.

सासू : राहिली असतीस?

सून : नाही.

सासू : बघ.

सून : नवी रोपं लावते. पण आधी शब्द द्या, या वेळी काही करणार नाही म्हणून.

सासू : शब्द देते गं. पण तू गच्चीला कुलूप लावून जात जा.