छत्तीस पेट्या आणि मायलेजचं मीटर

हॅलो? … हॅलो, अहो, बोला! पोचलात? … काय? मोठ्यानं बोला. आई, तो मिक्सर बंद करा जरा, ह्यांचा फोन आहे! … हां, बोला आता. केव्हाची वाट बघतेय मी इथे पलंगावर पडून. साडेसातला पोचणार होतात ना? पावणेनऊ झाले. बागवाल्याचे दोन फोन येऊन गेले. वहिनी, झाडं फुलून बसलीत, मधमाश्या कुठायत, म्हणतोय.

… उभे आहात? उभे म्हणजे? … गाडी उभी आहे?

अहो, पेट्या भरलेली गाडी थांबवायची नसते! काल दहा वेळा सांगितलं. चहाला नाही, कशाला नाही. दारं जाळीनं बंद आहेत त्यांची. गाडी पळते तोवर वारा लागतो, माश्या गप्प राहतात. गाडी थांबली की आतल्या आत तापतात, घाबरतात, घाबरून आणखी तापतात. तासाभरात मेण वितळतं आणि सगळ्याचा लगदा होतो. निघा आधी, मग बोला.

… बंद पडली? आपोआप? … कधी? … पंधरा मिनिटं झाली? आणि फोन आत्ता करताय?

काय करत होतात पंधरा मिनिटं? … रीसेट? कशाला रीसेट? … कसलं मीटर? आपल्या पिकअपला एकच मीटर आहे आणि त्याचा काटा दोन वर्षांपासून झोपलेला आहे.

… तुम्ही बसवलंत. … मायलेजचं. … म्हणजे गाडीचा वेग आणि त्या त्या क्षणाला ती लिटरला किती चालतेय ते दाखवतं. बरं. कधी बसवलंत हे? … गेल्या रविवारी. म्हणजे मी मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून इथे पडले होते आणि तुम्ही अंगणात माझ्या गाडीचं पोट फाडत होतात. … सरप्राइज. … हो, मिळालं. आत्ताच मिळालं.

थांबा, थांबा. डिझेल किती वाहतंय ते त्या मीटरला कळतं कसं? … सेन्सर. आणि तो कुठे बसवलाय? … पाइप कापून? … मधोमध? अहो, डिझेलचा पाइप कापलात तुम्ही? … आई, ह्यांनी डिझेलचा पाइप कापला. … नाही हो, मुलगा तुमचा सुखरूप आहे, मी गाडीचं सांगतेय.

ऐका. साडेचारला निघालात. एकशेतीस किलोमीटर. मी तीन तासांत जाते. तुमचे अजून किती राहिलेत? … वीस? चार तासांत एकशेदहा? झोप काढलीत का मध्ये? … काय पडत होता? … आकडा. तीसच्या वर गेलं की आकडा पडत होता. … म्हणून तीसनं चालवली. … चौदा दाखवत होतं. कधी नव्हे ते चौदा. वा, वा. अहो, उन्हाच्या आत पोचायचं म्हणून पहाटे उठवलं मी तुम्हाला! आणि तुम्ही सकाळभर आकड्याशी खेळत बसलात! आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवता ना? उष्णता कधी शिकवता हो, दुसऱ्या सत्रात?

… नाही, ओरडत नाहीये. … बरं, ओरडतेय. सावली आहे का कुठे? … चढावर आहे? मग ढकलणंही नाही. झाड, भिंत, काहीच नाही? … नुसती पाण्याची टाकी, कोरडी. आणि तीही रस्त्याच्या पलीकडे.

एक करा. फोन पेटीला लावा. … कुठल्याही. डावीकडची, पहिली. जाळीजवळ धरा आणि तोंडातनं शब्द काढू नका.

…

… हं. … आता मागची. …

… ऐकलं मी. अजून वेळ आहे, पण फार नाही. नुसतं गुणगुणत नाहीयेत त्या, घोंघावतायत. पाणी किती आहे? … दोन बाटल्या. अर्धी अर्धी करून वरच्या जाळ्यांवर शिंपडा. प्यायचं नाही. … तुम्हाला तहान लागलीय ते मला कळतंय, छत्तीस पेट्यांनाही लागलीय!

आई, तुमच्या फोनवरनं बागवाल्याला लावा. म्हणावं, ट्रॅक्टर घेऊन टाकीपाशी या. … किती? … तास लागेल म्हणतोय. येऊ दे तरी.

शिंपडलंत? आता बॉनेटकडे या. सेन्सरच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा हाताला लागतात का? … एक ढिली आहे. ओलं आहे ना तिथे? … बघा. तिथनंच हवा ओढली तिनं. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली की इंजिन बंद. सेन्सर काढून फेका. … खिशात ठेवा, कुठेही ठेवा, पण काढा! आता पाइपची दोन्ही टोकं जोडा. … पुरत नाहीत? किती कमी पडतंय? … बोटभर. तेवढा तुकडा कापून टाकलात वाटतं. … ठेवलाय? कुठे? … घरी. शाब्बास.

मग सेन्सरच परत बसवा. हो, तोच. क्लिप आवळा, हाताची शीर फुटेपर्यंत आवळा. … झालं? फिल्टरच्या डोक्यावर बटणासारखा हातपंप आहे, दिसला? शेजारी एक स्क्रू आहे, तो अर्धा फेरा सैल करा. आता पंप दाबत राहा. काय येतंय? … फेस. येऊ दे. नुसतं डिझेल येईपर्यंत दाबा. … मोजू नका हो, दाबा! … अजून फेस? … अजून?

… थांबा. सेन्सरला हात लावून बघा. तडा आहे का त्याला? … आहे. … मग जन्मभर दाबलंत तरी फेसच येणार. चिकटपट्टी? दोरी? प्लॅस्टिकची पिशवी? … रुमाल चालेल. डिझेलनं ओला करून गच्च गुंडाळा. … आता दाबा. … कमी झाला? बरं, स्क्रू आवळा आणि सेल्फ मारा. मारा, मला ऐकू दे.

… मारा. … परत. … परत एकदा. …

… बस. बस करा. बॅटरी बसली. ऐकू येतंय मला, कण्हायला लागलीय ती.

…

नाही. फोन चालू आहे. विचार करतेय.

… कोण थांबेल? मधमाश्यांची गाडी दिसली की लोक काचा वर करतात. … हो, करा हात, करून बघा. …

… गेला ना? … तोही गेला.

बरं, आता एकच उरलं. दारं उघडायची. दारांवरच्या जाळीच्या पट्ट्या सरकवल्या की माश्या बाहेर येतील, वारा घेतील. दिवसभर तिथंच उघड्या ठेवायच्या, संध्याकाळी परततील तेव्हा बंद करायच्या. एक दिवस जाईल, जाऊ दे. सूट घाला, टोपीची जाळी गळ्याशी नीट खोचा, हातमोजे…

… काय नाही? … अहो, सूट नाही म्हणजे? सीटच्या मागे ठेवायला सांगितला होता ना? …

… हो. दिसतोय. दाराच्या खिळ्याला लटकतोय. माझ्या समोरच. सकाळपासून बघतेय मी त्याच्याकडे आणि माझ्या डोक्यात आलं नाही. … आणि तुमच्या गोळ्या? … त्याच्याच खिशात. … मीटरचं माहितीपत्रक नेलंत का? … नेलंत. वाटलंच.

… नाही. … नाही म्हणतेय ना. उघडायचं नाही. तो विचारसुद्धा नको. दोन वर्षांपूर्वी एक चावली होती, एक! अर्ध्या तासात घसा सुजून बंद झाला होता तुमचा. डॉक्टर काय म्हणाले होते, पुढच्या वेळी अर्धा तासही मिळणार नाही. आणि आत्ता त्या तापलेल्या आहेत, डोकं फिरलंय त्यांचं. एक नाही चावणार, शंभर चावतील.

ऐका माझं. गाडीपासून लांब जा. टाकीच्या सावलीत बसा. … जाऊ देत. … हो, मरू देत म्हणतेय मी. … मला माहितीये काय म्हणतेय ते! एका पेटीपासून सुरुवात केली होती मी, आठ वर्षं झाली. ह्या पायासकट सगळं त्यांच्यापायीच गेलंय. तरी म्हणतेय. पेट्या परत होतील. मला तुम्ही हवे आहात. कळलं? तोंडानं बोललं की कळतं ना तुम्हाला? तुम्ही हवे आहात. सेन्सर लावा, पाइप कापा, अख्खी गाडी खोलून अंगणात मांडा, पण घरी या.

… रडू नका. … तुम्ही नाही मारल्या. … बरं, मारल्यात थोड्याशा. जा आता सावलीत.

… निघालात? … पावलं ऐकू येत नाहीयेत. … अहो?

तो खट्ट आवाज कसला? … अहो! पट्टी सरकवलीत? … हात काढा! हात काढा तिथनं! … आई! आई, ह्यांनी उघडायला घेतल्या! अँबुलन्सला फोन लावा, आत्ता, सांगा मधमाश्या चावल्यात, माणसाला ॲलर्जी आहे, इंजेक्शन घेऊन या. पाण्याच्या टाकीसमोर, चढावर, हिरवी पिकअप. … अहो, येताना वाटेत आरोग्य केंद्र लागलं होतं का? … चार किलोमीटर. आई, चार किलोमीटरवर केंद्र आहे म्हणावं!

… आता ऐकणारच नसाल तर नीट तरी करा. दारासमोर उभं राहू नका. पेटीच्या मागनं हात घाला. हळू. हात झटकू नका, एक चावली तर चावली, झटकलंत की दहा येतील. शर्टाची कॉलर वर करा. … किती झाल्या? … सात. … दोन्ही बाजूंच्या ओळी खालनंच होतील, वर चढायचं नाही. … किती चावल्या? … खोटं बोलू नका. … मानेवर? … चालू राहा, थांबू नका, पण बोलत राहा माझ्याशी. काहीही बोला. पाढे म्हणा. … हो, एकोणतीसचा म्हणा, आवडता आहे ना तुमचा. …

… डावीकडची ओळ झाली? … बारा. बरं. … उजवीकडे जा. … म्हणा ना पुढे. … तुमचा आवाज का बसतोय? … घोट गिळून दाखवा. … जातोय? … जड जातोय. आई, निघाली का ती गाडी? … निघाली म्हणतात. अहो, निघाली आहे.

… झाली? चोवीस झाल्या? … बस. पुष्कळ झालं. आता टाकीकडे चला. … नाही, मधली ओळ नाही. तिथे वर चढून दोन्हीकडच्या माश्यांच्या मधोमध उभं राहावं लागतं. … बारा राहिल्यात ते मला मोजता येतं. … अहो, शपथ आहे माझी. …

… बरं. बरं, एक करा. चढू नका. हात लांब करून फोन मधल्या ओळीला लावा, मला ऐकू दे. जिवंत असतील तर ठरवू. …

… धरलाय? … जरा पुढे. …

…

… काढा फोन. … नाही. … नाही हो, काही येत नाहीये. शांत आहे आत. … मधल्या होत्या ना, त्यांना वारा कमी लागला. गेल्या त्या. … हो, सगळ्या. उघडून उपयोग नाही आता. चला, सावलीत चला. … चालताय ना? … किती पावलं? मोजा माझ्यासाठी. … मोठ्यानं. …

… बसलात? पाय वर ठेवा. कॉलर सैल करा. … बोलू नका, नुसतं हं म्हणा. … परत. … परत म्हणा. … अहो, हं म्हणा ना. … ऐकू आलं. असंच. मी इथेच आहे. … सायरन? मला येतोय ऐकू. तुम्हाला? … हं.

… हॅलो? … हॅलो, कोण? … सिस्टर, मी त्यांची बायको. इंजेक्शन दिलंत? … दिलंत. … श्वास? … मास्क लावलाय. शुद्ध आहे ना त्यांना? … रडतायत? … हो, कळतंय मला, कशासाठी ते. बारा पेट्या मेल्या म्हणून. … त्यांना म्हणावं, बायको रागावलेली नाही. … नाही, तसं नको, विश्वास नाही बसायचा. म्हणावं, रागावलेली आहे, घरी आलात की बघते.

… काय? … पिकअपच्या मधल्या ओळीतनं आवाज येतोय? …

… हो. माहितीये मला. … मघाशी फोनवर ऐकला. चांगला मोठा होता. … हो सिस्टर, जिवंत आहेत. बाराच्या बारा. … नाही! तुमच्या ड्रायव्हरला चढू देऊ नका, कुणाकडेच सूट नाही तिथे. … बागवाला येईपर्यंत नाही टिकायच्या. … जरा हळू बोला ना, ऐकू जाईल त्यांना. मी खोटं सांगितलंय. खरं कळलं तर मास्क ओढून उठतील ते, ओळखते मी त्यांना. … काही विचारलं तर सांगा, शांत आहे सगळं.

… तुमच्या गाडीचं दार लावा, सिस्टर. … लावलंत? … निघा.