चालू राहिलेला तानपुरा

मी, मयुरी दीपक नारखेडे, वय ४४ वर्षे, धंदा – गाण्याच्या शिकवण्या, रा. असोदा, ता. जि. जळगाव. धुळे येथील पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी 'सावकाश' या रॉक बँडमध्ये गाते. गिटारवर माझा विद्यार्थी हसीब, वय २३, रा. जळगाव, आणि तबल्यावर शालिग्रामभाऊ, वय ६१, असे आम्ही तिघे आहोत. आम्ही रागातल्या बंदिशी गिटारवर बसवतो. शास्त्रीयवाले आम्हाला रॉक समजतात व रॉकवाले भजनी मंडळ समजतात. विजेवरची वाद्ये वापरत नाही, असे आमच्या पोस्टरवर छापले आहे. त्यात बॅटरीवरचा तानपुरा धरलेला नाही.

हसीबची वरणगावच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात निवड झाली असून पोलीस पडताळणी व्हायची आहे. आज त्याला संशयावरून येथे आणले आहे. म्हणून मी हा जबाब स्वतःहून देत आहे.

आज सकाळी धुळ्यात एका साखरपुड्यात आमचा कार्यक्रम होता. मुलीचे मामा कुंदन यांनी 'बँड' म्हणजे वरातीचा समजून आल्या आल्या विचारले, "ताई, घोडा तुमनाच शे का आमले आणना पडी?" मी विलंबित ख्यालाने सुरुवात केली. पाहुणे जेवायला गेले. वाढपी शेवटपर्यंत थांबले, त्यांना थांबणे भाग होते.

नंतर मी तानपुऱ्याची पेटी माझ्या कापडी पिशवीत ठेवली. बटण बंद केले नाही. तानपुरा बराच वेळ कानाशी वाजला की तो वाजतो आहे हे गाणाऱ्याला जाणवत नाही. तो असा अंगात मुरला पाहिजे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

पिशवी हसीबने घेतली. तो मला ओझे उचलू देत नाही. जळगावच्या बसमध्ये आम्ही बसलो व मी चहा आणायला खाली उतरले. पुढचे मला शालिग्रामभाऊंनी सांगितले. मागच्या सीटवरील कमलबाई हसीबला म्हणाल्या, "भाऊ, तुना थैलामा काय गुणगुणी ऱ्हायनं?" हसीबलाही तोवर काही ऐकू आले नव्हते. शिकवण माझी आहे.

कमलबाईंनी आरडाओरडा केल्यावर बंदोबस्तावरचे पोलीस आले. त्यांनी विचारले, "आत काय आहे?" हसीब म्हणाला, "सूर आहे." त्यांनी विचारले, "कोणाचा?" तो म्हणाला, "मॅडमचा."

त्यानंतर त्याला नाव विचारण्यात आले. नाव सांगितल्यावर बस रिकामी करण्यात आली.

शालिग्रामभाऊंच्या मांडीवरच्या पिशवीत डग्गा होता. ती पिशवी माझ्या पिशवीहून मोठी आहे. ती उघडायला कोणी सांगितले नाही. ते "माझीही बघा" असे दोनदा म्हणाले. त्यांना "नाना, तुम्ही सावलीत बसा" असे सांगितले.

मी आले तेव्हा हसीब उन्हात हात वर करून उभा होता. मी त्याला चहा द्यायला गेले असता मला अडवले. चहा सांडला.

पिशवी उघडल्यावर पेटी निघाली. ठाण्यात आणल्यावर खात्रीसाठी मला गाऊन दाखवायला सांगितले. मी गायले. हवालदार ज्ञानेश्वर "पुरे" म्हणाले. ते लवकर म्हणाले असे माझे मत आहे. हसीबलाही गिटार वाजवायला सांगितले. त्याने वाजवली नाही. तो चांगला वाजवतो.

पिशवी माझी आहे, पेटी माझी आहे, विसरले मी आहे. हसीबविरुद्ध कोणतीही नोंद ठेवू नये, ही विनंती.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात हसीबच्या नावापुढे 'संशयित' असा शब्द आला होता. तो मी खोडायला लावून 'गिटारवादक' असे लिहायला लावले. हसीब बाकावरून म्हणाला, "मॅडम, 'शिकतोय' लिहा, वादक नको." मी ऐकले नाही. खोडलेल्या शब्दाशेजारी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.