चार प्रबंध आणि एक ‘माहीत नाही’

हं! बुक्का लागला, हार घालून झाला, आता सावरून बसा मंडळी! मागचे पुढे या. अहो, तिकडे खांबाला टेकू नका, झोप लागते. आणि झोपलेल्या माणसाला मी नाव घेऊन उठवतो, हे या गावाला चांगलं ठाऊक आहे!

तर ऐका. पूर्वरंगात आपण ज्ञानाचं बोललो. तुम्ही माना डोलावल्या, मला बरं वाटलं. आता एकच विचारतो. माणसाच्या तोंडाला सगळ्यात जड जाणारे शब्द कुठले? ‘क्षमा करा’? छे! बसमध्ये कुणाचा पाय तुडवला की आपण लगेच म्हणतो. ‘माझं चुकलं’? तेही म्हणतो – बायकोपुढे, लवकर सुटका व्हावी म्हणून! हसू नका काका, तुमच्या घरचंच बोलतोय. मंडळी, खरे जड शब्द वेगळेच – ‘मला माहीत नाही!’ हे म्हणताना माणसाचं काय जातं? जीभ झिजते? दात पडतात? मग का म्हणत नाही आपण?

रस्ता विचारून बघा या गावात. परका माणूस विचारतो, ‘दत्ताचं देऊळ कुठे?’ यांना ठाऊक नाही. पण हात वर! ‘सरळ जा, मग डावीकडे वळा, समोरच आहे!’ – आणि पाहुणा जाऊन उभा राहतो स्मशानात! पण सांगणारा खूष. का? तर माहीत नाही असं म्हणावं लागलं नाही.

म्हणून आजचं आख्यान देवादिकांचं नाही. आजचं आख्यान पीएचडीचं! तबलजी, जरा दमानं. लढाई अजून लांब आहे.

एक कॉलेज होतं. कुठलं ते विचारू नका, पुढे प्राध्यापक मंडळी बसली आहेत, उगाच एकमेकांकडे बघतील. त्या कॉलेजात एक संशोधन केंद्र. अर्थशास्त्र, साहित्य, व्यापार आणि आरोग्य – चारही विषयांचे प्रबंध एकाच छपराखाली! प्राचार्य होते कुंभोजकर सर. सर स्वतः व्यापारशास्त्रातले डॉक्टर. पण विषय कुठलाही निघू द्या – मान्सून, राजकारण, गुडघेदुखी, मुलीचं स्थळ – सरांचं मत तयार! कुणी काही विचारलं आणि सर गप्प राहिले, असं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

आता पीएचडीला शेवटी असतो व्हायवा. तोंडी परीक्षा. आणि तो खुला असतो, बरं का! खुला म्हणजे सभागृहातल्या कुणीही उठावं आणि उमेदवाराला प्रश्न विचारावा. नियमच आहे तसा. पण कुणी खरंच उठून काही विचारलं तर? अनर्थ! म्हणून सरांनी एक सोय केली होती. प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर लिहायचे, आपल्या माणसांना वाटायचे, आणि उत्तरं उमेदवारांनी घरून पाठ करून यायची. परीक्षाही खुली, आणि धोकाही नाही! काय डोकं! नारदमुनींना सुचलं नसतं हो!

तर एके दिवशी चार विषयांचे चार व्हायवा एकदमच ठेवले. का? तर बाहेरचे परीक्षक लांबून यायचे, आणि जिलेबीचा घाणा एकदाच लावायचा! परीक्षक होते देवस्थळे सर. म्हातारा माणूस, मोठा विद्वान. पण तीस वर्षं ही पाठ केलेली उत्तरं ऐकून ऐकून अशी अवस्था झाली होती, की खुर्चीत बसले की डोळे मिटत. लोक म्हणत, सर चिंतन करतायत!

सकाळी टेबलावर चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे मांडलेले. तेवढ्यात चहाचा ट्रे आला. ट्रे ठेवायचा कुठे? ग्रंथपालांनी चारही गठ्ठे उचलले, चहा झाल्यावर परत ठेवले. कसे ठेवले? अदलाबदल करून! चष्मा घरी राहिला होता बिचाऱ्यांचा. आणि माहीत नाही कुठला गठ्ठा कुणाचा, असं विचारायचं कसं? ग्रंथपाल ना ते! ठेवले ठोकून.

झाला व्हायवा सुरू! पहिले उभे राहिले गायधनी. अर्थशास्त्र. प्रबंध काय, तर आठवडी बाजारातली उलाढाल. एक जण चिठ्ठी घेऊन उठला आणि विचारता झाला – ‘तुमच्या संशोधनातली नायिका शेवटी घर सोडून का जाते?’

मंडळी, बाजाराचा प्रबंध! नायिका आली कुठून? कांद्याच्या गाडीतून? पण गायधनी डगमगतील तर शपथ! ‘अत्यंत मूलगामी प्रश्न, सर! याकडे एकांगी पाहून चालणार नाही. याला सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक पदर आहेत. प्रबंधात त्यांचा सर्वंकष ऊहापोह केला आहे.’ – टाळ्या! पहिले डॉक्टर झाले. हार, श्रीफळ, फोटो!

दुसऱ्या वृंदा पारसनीस. साहित्य. प्रबंध – कादंबरीतल्या नायिकेचं बंड. प्रश्न आला – ‘पाकिटातल्या चिवड्याचा खप पावसाळ्यात का घसरतो?’ बाईंनी डोळे मिटले, आवाज हलका केला – ‘यामागे शतकानुशतकांचं दडपलेलं मौन आहे!’ अहो, पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले! चिवड्यासाठी!

तिसरे बागमार. व्यापार. चिवड्याचा प्रबंध खरा यांचा. आणि यांना प्रश्न कुठला आला? ‘टीबीचे रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतात?’ बागमार म्हणाले, ‘चव! चव टिकत नाही. शिवाय पाकीट आकर्षक नाही, वितरण कमी पडतं.’ कुंभोजकर सरांनी मान डोलावली – ‘वा! मुद्द्याचं बोललात!’

हसताय? हसा. पण त्या सभागृहात एक बाई हसली नाही. मागच्या खुर्चीवर बसली होती, सरिता घोडेस्वार. आरोग्यशास्त्राची उमेदवार. टीबीचा प्रश्न तिचा होता! सात वर्षं तिनं त्यावर घालवली होती. वस्त्यावस्त्यांत फिरली, माणसांच्या उशाशी बसली. नर्सिंग कॉलेजात शिकवायची, पण हंगामी. दरवर्षी जूनमध्ये घरी बसवतील का ठेवतील, काही भरवसा नाही. नवरा परगावी, घरात सासू आणि दोन मुली. आज पदवी मिळाली की नोकरी कायम. नाही मिळाली तर कॉलेजवाले दुसरं माणूस घेणार, तसं स्पष्ट सांगितलेलं. आणि तिच्यासमोर तिचा प्रश्न चिवड्यात गेला!

चौथा नंबर तिचा. बाई उभी राहिली. ग्रंथपाल उठले, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली – ‘आठवडी बाजारात दलालांमुळे भाव पडतात, त्यावर आपला उपाय काय?’

आणि बाई म्हणाली – ‘मला माहीत नाही.’

पेटी थांबवा! थांबवा हो! त्या सभागृहात अशीच शांतता पसरली. पंखा बंद पडला की झोपलेला माणूस जागा होतो ना, तसे देवस्थळे सर जागे झाले! म्हणाले, ‘काय? काय म्हणालात बाई?’

‘मला माहीत नाही सर. हा माझा विषय नाही.’

कुंभोजकर सरांना घाम फुटला. का फुटला ते ध्यानात घ्या. हिचा प्रश्न चुकला असं मान्य केलं, तर आधीच्या तिघांचंही बिंग फुटणार! आणि त्यांचे तर हार घालून झालेले! सर उठून तिच्या कानाशी गेले – ‘अहो बाई, काहीही बोला! पदर म्हणा, ऊहापोह म्हणा! नोकरी कायम व्हायची आहे ना तुमची?’

मंडळी, ती बाई काही देवी नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन पोरी दिसल्या तिला, सासू दिसली. तोंड उघडलं तिनं, ‘याला सामाजिक…’ एवढं ओठांवर आलं होतं! – आणि मिटलं. म्हणाली, ‘नाही सर. मला खरंच माहीत नाही. माझा प्रश्न मघाशी बागमारांना विचारला गेला.’

देवस्थळे सर ताठ बसले. म्हणाले, ‘असं? मग बोलवा तिघांना. ज्याचा प्रश्न त्याला विचारू!’

तिघे आले. एकाच्या हातात जिलेबी. गायधनींना बाजाराचा प्रश्न विचारला – दलालांवर उपाय काय? ‘अत्यंत मूलगामी प्रश्न, सर! याकडे एकांगी पाहून चालणार नाही. सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक पदर आहेत!’ शब्द न् शब्द तोच! पारसनीस बाईंना नायिकेचं विचारलं – ‘शतकानुशतकांचं दडपलेलं मौन!’ बागमारांना चिवडा विचारला – ‘चव! पाकीट! वितरण!’ आता सांगा, नापास कुणाला करायचं? चुकीच्या प्रश्नाला जे उत्तर, तेच बरोबर प्रश्नालाही! सगळीकडे चालतं असं उत्तर, त्याला चूक कोण म्हणणार? तिघेही पुन्हा पास! पुन्हा टाळ्या! एकानं तर पुन्हा हार घालून घेतला!

मग देवस्थळे सर सरिताबाईंकडे वळले. ‘हं, सांगा बाई. रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतात?’

आता ऐका. आता नीट ऐका!

बाई म्हणाली, ‘सर, मीही आधी सगळ्यांना वाटतं तेच धरून चालले होते. गरिबी असेल, दवाखाना लांब असेल. तेही आहेच. पण मी घरोघर बसून विचारलं, तेव्हा दुसरंच कळलं. गोळ्या सुरू झाल्या की काही दिवसांत खोकला थांबतो, ताप उतरतो. माणसाला वाटतं, बरे झालो. मग तो घरातल्या कुणा शहाण्या माणसाला विचारतो – आता घेऊ का नको? भावाला विचारतो, जावयाला विचारतो, गावातल्या शिकलेल्या माणसाला विचारतो. आणि त्यातलं कुणीही म्हणत नाही, की मला माहीत नाही, दवाखान्यात विचार. सगळे म्हणतात – बरं वाटतंय ना? मग कर बंद. उगाच उष्णता होते. एक अंजिरा नावाची मुलगी होती, सर. माझ्या थोरलीपेक्षा थोडी मोठी. तिला मामानं सांगितलं. मामाचा फार जीव होता तिच्यावर. आजार उलटला. मी तिच्या तिसऱ्याला गेले होते. मामा भिंतीला डोकं लावून बसला होता, एकच म्हणत होता – मला कुठं ठाऊक होतं, मला कुठं ठाऊक होतं.’

बाईनं हातातला प्रबंध टेबलावर ठेवला. म्हणाली, ‘म्हणून मला दलालांचं काही सांगता आलं नाही, सर. मीही तेच केलं असतं, तर हा प्रबंध कशाला लिहिला?’

सभागृहात टाळी पडली नाही. आणि तेवढ्यात कुंभोजकर सर उठले. चेहरा पांढराफटक. खुर्चीला अडखळले, तसेच दाराबाहेर गेले. दार उघडंच राहिलं, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. सर फोनवर बोलत होते – ‘अक्का, गोळ्या… अगं, त्या टीबीच्या गोळ्या… कधीपासून बंद आहेत? … पंधरा दिवस? … मी सांगितलं ना. हो. मीच सांगितलं.’ पलीकडून म्हातारी काहीतरी बोलली. सरांनी भिंतीचा आधार घेतला. ‘नाही अक्का. शिकलो खरा. पण यातलं मला काही कळत नाही गं! काही कळत नाही मला!’

मंडळी, त्या माणसाच्या तोंडून उभ्या आयुष्यात पहिल्यांदा निघालेलं हे वाक्य! आणि कशासाठी निघालं? सख्ख्या बहिणीच्या जिवावर बेतलं तेव्हा!

देवस्थळे सरांनी सरिताबाईंच्या कागदावर उभ्यानं सही केली. नोकरी कायम झाली बाईची. दुसऱ्या दिवशी अक्कांना दवाखान्यात घेऊन गेल्या त्याही सरिताबाईच. सर मागच्या सीटवर, गप्प. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, वेळेत आणलंत, उपचार पुन्हा मार्गी लावू. अक्का वाचल्या. अंजिरा नाही वाचली. तिच्या घरी कुणाला व्हायवा ऐकायला मिळाला नव्हता.

झालं आख्यान. आता मान डोलावू नका! मला मान नको. मला उत्तर हवं. या मांडवात एवढी माणसं बसली आहेत – यातल्या कुणी कुणाला काय काय सांगून ठेवलंय? आईला सांगितलंय, बीपीची गोळी एक दिवसाआड घे, रोज कशाला? सुनेला सांगितलंय, सोनोग्राफी कशाला, आमच्या वेळी कुठे होती? मित्राला सांगितलंय, साखर आता नॉर्मल आली ना, सोड औषध! सांगितलंय ना? ठामपणे सांगितलंय! आणि समोरच्यानं ऐकलंय, कारण त्याचा तुमच्यावर विश्वास आहे. तुमचा शब्द त्या घरात डॉक्टरच्या वर आहे. भीती वाटत नाही तुम्हाला? मला वाटते हो! मला फार वाटते!

देवाकडे मी आज विद्या मागणार नाही. विद्या पुष्कळ झाली. देवा, या माणसांच्या तोंडाला ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ एवढं म्हणायची लाज वाटू देऊ नकोस, एवढंच दे.

आरतीचं ताट तयार आहे, पाहतोय मी. थांबू दे जरा. ज्याला घरी फोन करायचाय, त्यानं आत्ता उठावं. प्रसाद संपणार नाही, मी राखून ठेवतो. लाजू नका. उठा!

…ते बघा, उठले एक जण. पहिल्याच रांगेतले. जाऊ द्या त्यांना, पाय आवरा, वाट द्या. आणि कुणी हसू नका.