बिरूला मारलेली हाक

जमलेल्या समद्या आयाबायांनो, सरपंच, आन् गौराक्काच्या माहेरासासरच्या मंडळींनो,

मी हसीना. माझं बांगड्यांचं दुकान तुमाला ठावं हाय. बोलायला मी कमी न्हाई, पण ते गिऱ्हाइकाशी. असं सभेत उभं राहून कवा बोलले न्हाई. आन् आज तर गौराक्काबद्दल बोलायचंय. तरी बोलणार, कारण आज मी गप्प बसले तर येत्या अमावास्येला आपल्या हातनं लय वाईट काम हुणार हाय.

गौराक्का तापानं गेली. वय झालं हुतं तिचं. तिचा लेक बिरू मात्र अवेळी गेला. कराडला ट्रकवर हुता, हायवेवर गाडी उलटली. आधी फोन आला, मागनं तो आला. घरात दोघीच उरल्या. आई आन् त्याची बायको रेखा.

तवापास्नं काय सुरू झालं ते तुमी समद्यांनी ऐकलंय. दुपारी मेंढरं रानात गेली की त्यांना कोंडायची जाळी, ती वाघर, रिकामी पडायची. अक्का तिच्यात जाऊन बसायची आन् हाक मारायची. "बिरूऽऽ." पोराला जेवायला बोलवावं तशी. जरा थांबायची. पुन्हा, "बिरूऽऽ." मग रडायची. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. कुणाच्या अंगावर काटा आला न्हाई, सांगा बरं! वाऱ्यावर ती हाक माझ्या दुकानापातूर यायची, आन् गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी भरता भरता माझा हात थांबायचा.

गाव म्हणालं, अक्काला बाहेरचं झालंय. लिंबू उतरवलं. अंगारा लावला. मी आपलं तिला सरळ इचारलं, "अक्का, खरंच बाहेरचं हाय का गं काय?"

अक्का हसली. लय दिसांनी हसली. म्हणाली, "बाहेरचं कुठलं गं हसीना? आतलं हाय. आतलं हाय म्हणून तर बाहेर काढते. तिथं काढलं न्हाई तर भाकरी थापताना येतं, निजल्यावर येतं. मग त्याला एक जागा दिली, एक वेळ दिली. बाकीचा दिवस माझा."

बाकीचा दिवस तिचा! आवं, ती तो दिवस कसा घालवायची ते बघितलंय का कुणी? रडून झालं की थंड पाण्यानं तोंड धुवायची. केस विंचरायची. च्या ठेवायची, रेखाला हाताला धरून शेजारी बसवायची. मग लोकर घेऊन सूत कातायची. टँकर आला की यायची, पण घागर नसायची हातात. मी म्हणलं, "अक्का, पाणी कशात नेणार?" म्हणाली, "पाण्याला न्हाई आले. माणसांत आले." तालुक्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाई बसत्यात, त्यांच्याकडंबी जायची. कुणी हसलं तर म्हणायची, "पाय मुरगळल्यावर तू घरात बसतोस व्हय रं?"

बरी झाली का अक्का? न्हाई. खोटं कशाला बोलू? ते दुखणं बरं व्हणारं नव्हतंच. पण ती जगली. रेखाला धरून जगली.

आता परवाचं सांगते. भर दुपार. रस्त्यावर कुत्रंबी नव्हतं. मी दुकानात बसले हुते, आन् वाघरीकडनं हाक आली. "बिरूऽऽ." तोच सूर. तसंच मधी थांबणं. अक्काला माती देऊन दिस झाले हुते, आन् हाक येतीया! अल्लाचं नाव घेत गेले तिकडं. का गेले, मलाच ठावं न्हाई.

वाघरीत रेखा बसली हुती.

ती हाक तुमीबी ऐकलीत. आन् गावानं लगेच ठरवलं. आपल्यात बायको नवऱ्याचं नाव घेत न्हाई. घेतलं तर उखाण्यात, तेबी लाजून. मग ही नाव घेऊन वरडती म्हंजे ही रेखा न्हाईच. सासूच हाय. सासू सुनेच्या अंगात आली. व्हय का न्हाई? असंच ठरलं न्हवं? आन् अमावास्येला देवऋषाकडं न्यायचंबी ठरलं.

पण त्या पोरीला कुणी इचारलं का? मी इचारलं. शेजारी बसले आन् म्हणलं, "का गं, नावानं हाक मारतीस?" ती म्हणाली, "आत्ती हुत्या तवा त्या हाक मारायच्या. मी घरातनं ऐकायची. मला वाटायचं, माझीबी हाक त्यातच गेली. आता कोण मारणार? मला माझ्या मालकांचं नाव तोंडानं घेता येत नव्हतं, मावशी. लय दिस जीभच उचलत नव्हती."

ऐकलंत का? नवऱ्याचं नाव घ्यायला सासू मरावी लागली तिची.

रेखाचा भाऊ हितंच बसलाय. भाऊ, तुजा जीव तुटतोय, मला कळतंय. गाडी सांगून आलायस. पण अक्कालाबी असंच देवऋषाकडं नेलं हुतं. परत आली तवा तिच्या मनगटांवर दोरीचे वळ हुते. ह्या हातांनी मी तेल लावलंय त्याला. अजूनबी कुणाचा हात हातात घेतला की आधी मनगट बघते मी. रेखाचं मनगट मला तसं बघायचं न्हाई रं. गाडी सांगितलीस ते बरं केलंस. ती दवाखान्याकडं ने. मी येते संगट. डॉक्टरीणबाईंना सांगू, पोरीला झोप न्हाई, घास उतरत न्हाई. आन् बायांनो, टँकरवर ती दिसली की बाजूला सरकू नका. तिला मधी घ्या.

आता उभं राहू या. अक्कासाठी गप्प राहू या. पण गप्प आपण राहायचं. रेखानं न्हाई. "उगी, रडू नगंस" असं कुणी म्हणायचं न्हाई. तिच्या तोंडावर कुणी पदर धरायचा न्हाई.

गौराक्का, तुला माझा सलाम.

ये रेखा, हितं माझ्यापाशी ये. समद्या गावादेखत मार हाक. आमी ऐकतोय.