लिंबाखालची झोप

चांगुणा : झोपलाय त्यो, नर्सबाई. रोज असाच झोपतो. उठवू नका, मुकादम वरडंल मला.

सरोजिनी : चांगुणा, मी आत्ता त्याच्या दंडावर देवीची लस टोचली. तो रडला नाही. खडी फोडायचा हातोडा ठेव खाली आणि इकडे ये.

चांगुणा : दमलाय. दिस उगवायच्या आत घर सोडतो आमी.

सरोजिनी : दमलेलं मूलही सुई टोचल्यावर ओरडतं. ओठ बघ त्याचे.

चांगुणा : निळं... आत्या! आवो आत्या, हिकडं या! गोरखाचं ओठ निळं पडल्यात!

लंकाबाई : काय झालं माझ्या नातवाला? ह्या बाईनं सुई टोचली म्हनून झालं ह्ये. मी सांगत हुते, टोचू दिऊ नकोस.

सरोजिनी : लंकाबाई, तो आधीपासून असा आहे. मी पापणी उघडते, बघा. सावलीतसुद्धा बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आहे. काय दिलंय याला?

लंकाबाई : काय देनार? आईचं दूध.

सरोजिनी : आणि दुधात अफू.

लंकाबाई : हळू बोला! लेकरापुढं नाव घिऊ नये त्याचं.

सरोजिनी : मी पोलिसात जाणार नाही. मला फक्त किती दिली ते सांगा. त्याच्या पोटावर हात ठेवा. श्वास घेतला... आता पुढचा येतच नाही.

चांगुणा : आला. आला ना, बाई?

सरोजिनी : आला. तळपायाला चिमटे काढ त्याच्या. जोरात. दुखू दे.

लंकाबाई : मोहरीच्या दान्याएवढी. सहानंवर उगाळून. घोडेगावच्या बाजारात जनावरांची औषधं इकतो ना, त्याच्याकडची. माझ्या सासूनं माझ्या लेकरांना दिली, मी नातवाला दिली. आमी रानात गेल्यावर पोराजवळ कोन बसनार हुतं? ह्याच्या बापाला काय झालं? चांगला औत हाकतो.

सरोजिनी : रोज देता आणि आजच हा असा झाला. आज वेगळं काय केलंत?

लंकाबाई : काय बी न्हाई. घरून निघताना दिली, रोजच्यावानी.

चांगुणा : आत्या...

लंकाबाई : तू पाय चोळ.

चांगुणा : आत्या, मी बी दिली. हितं आल्यावर. कुरकुर करत हुता, मला वाटलं तुमी इसरल्या.

लंकाबाई : तू दिलीस? मला न इचारता?

चांगुणा : कसं इचारू? गोळी दिल्यालं कुनी कुनाला सांगायचं न्हाई, सांगितलं की दृष्ट लागती, ह्ये तुमीच शिकवलं न्हवं मला? पदराच्या गाठीतली दिली. मुकादम म्होरं उभा, घाईत नखानं तोडली. किती तुटली काय म्हाईत.

लंकाबाई : व्हय. मीच शिकवलं.

सरोजिनी : भिमाजी ड्रायव्हरचा खडीचा ट्रक कुठं आहे?

चांगुणा : खडी उतराया गेलाय. यीलच.

सरोजिनी : आला की नगरला, मोठ्या दवाखान्यात. यावरचं औषध तिथं मिळेल, माझ्या पेटीत नाही. तोवर याला झोपू द्यायचं नाही.

चांगुणा : मरंल का त्यो?

सरोजिनी : मला माहीत नाही, चांगुणा. थांबू नकोस. चोळत राहा.

लंकाबाई : बाई, पोर जल्मल्यावर रडलं न्हाई, तर आमी त्याच्या कानाशी थाळी वाजवतो. तुमी हसाल, पर...

सरोजिनी : हसत नाही. वाजवा. थाळी नसेल तर ते घमेलं घ्या.

लंकाबाई : सरक गं. गोरखा! ऊठ माझ्या राजा! ऊठ, आजी मारंल तुला!

चांगुणा : पापनी हालली! वाजवा आत्या, अजून वाजवा!

सरोजिनी : थांबा. श्वास थांबला. बाजूला व्हा दोघी, मी तोंडानं हवा देते.

चांगुणा : सटवाई माते, घे माझा जीव. त्याला ऱ्हाऊ दे गं.

लंकाबाई : गप. बाईला काम करू दे.

चांगुणा : छाती वर आली. बाई, वर आली!

सरोजिनी : ती माझी हवा होती. थांब... हा त्याचा. हा त्यानं घेतला. आता मानेखाली हात धर, मान वाकू देऊ नकोस.

लंकाबाई : आता ठीक हाय न्हवं, बाई?

सरोजिनी : भीती वाटतेय मला. लंकाबाई, घमेल्याचा एवढा आवाज झाला.

लंकाबाई : व्हय. तिकडं रस्त्यापातूर गेला आसंल.

सरोजिनी : या लिंबाला बांधलेल्या झोळ्या बघा. एकही मूल उठलं नाही.

चांगुणा : बनूची पोरगी... छबूबाईचा लहाना... समदी निजल्यात.

सरोजिनी : सगळ्यांना दिलीय? कुणी किती दिली?

लंकाबाई : तुमाला कुनी सांगनार न्हाई.

सरोजिनी : तुम्हाला सांगतील. ही मुलं कुणाच्या हातावर जन्मली?

लंकाबाई : माझ्याच. आन गोळी उगाळायची कशी, ते बी मीच दावलं समद्यांना.

सरोजिनी : मग एकेका झोळीत बघा, आत्ता. हलवून जागं करा. ज्याचे ओठ निळे दिसतील ते ट्रकमध्ये माझ्यासोबत येईल.

लंकाबाई : इचारू कशी? जल्मभर ह्ये तोंडातून काढलं न्हाई मी.

सरोजिनी : आता काढा.

लंकाबाई : ह्या समद्यांची पाचवी पुजली मी. सटवाईची आन घालते एकेकीला. तिच्याम्होरं कुनी खोटं बोलायची न्हाई. चांगुणे, पोराला सोडू नकोस. मी आले.

चांगुणा : आत्या शेवटच्या झोळीपाशी पोचल्या. बाई, ट्रकचा आवाज... भिमाजीभाऊ आला!

सरोजिनी : चढ पुढं, ड्रायव्हरशेजारी. मूल माझ्याकडे दे. लंकाबाई, बाकीची?

लंकाबाई : समदी बघितली. ओठ लाल हायेत. छबूबाईचा डोळं उघडून परत मिटतोय, पर चिमटा काढला की तोंड वाकडं करतो.

सरोजिनी : तोही द्या, आईसकट. आणि ऐका. रोजची सवय आहे ना, ही मुलं आता रडतील, हातपाय झाडतील, जुलाब होतील. काही झालं तरी गोळी परत द्यायची नाही. मला बोलवा. मुकादमाला सांगा, उद्यापासून तुम्ही खडी फोडणार नाही, झोळ्यांपाशी बसणार. तो ऐकत नसेल तर मी मामलेदाराला भेटेन.

चांगुणा : आत्या, तुमी चला ना. मला एकटीला भ्या वाटतंय.

लंकाबाई : मला बी वाटतंय. जा तू. मी गेले तर ह्यांना जागं कोन ठिवंल?

(ट्रक नगरच्या रस्त्याला लागल्यावर, लिंबाखाली.)

बनुबाई : मावशे, हालवून हालवून उठवली माझीला. आता गप ऱ्हाईना.

लंकाबाई : सकाळी किती दिलीस?

बनुबाई : असं बोलून दावायचं आस्तं व्हय?

लंकाबाई : बोल. आन घातलीय मी.

बनुबाई : तुमी दावली हुती तेवढीच. मोहरीएवढी.

लंकाबाई : तुझ्या सासूनं?

बनुबाई : तिला न्हाई इचारलं.

लंकाबाई : जा, आदी तिला इचारून ये. आन पदराची गाठ सोड. आत हाय ते माझ्या हातात दे.

बनुबाई : घ्या. पर मुकादम म्हनतो, पोरीला गप करा. कशी करू?

लंकाबाई : रडू दे. मला ऐकू यिऊ दे.