बटण कुठं हाय?

अवं, बटण कुठं हाय? एवढंच इचारलं मी! एसीचं बटण कुठं हाय हे इचारणं म्हणजे काय गुन्हा झाला का? एकवीस वर्षं व्हॅन चालवते मी, काळेवाडी ते चाकण, सकाळच्या शिफ्टच्या सहा बायका रोज वायरिंगच्या कंपनीच्या गेटावर उतरवते, चौथी शिकलीय पण गाडी मला वासावरनं कळती... क्लच जळतोय का ब्रेक, बसल्या जागी सांगते! आन् ह्या वयात मला डोळं फाडून बटण शोधायची पाळी!

झालं काय, तुमाला सांगते. व्हॅनचे मालक आमचे चिमाजीशेठ. त्यांनी माझी जुनी व्हॅन इकली. मला न इचारता! आन् आणली ही नवी, चार्जिंगची, सात शिटांची. म्हणले, "कुसुम, सोमवारी ही घिऊन जा. वेळेत पोचलीस, ओरखडा न्हाई आला, तर स्टेरिंग तुझं. न्हाई जमलं तर रावेतचा एक ड्रायव्हर बघून ठेवलाय."

बघून ठेवलाय! एकवीस वर्षांनी माझी परीक्षा! स्टेरिंग गेलं तर मी करू काय? कंपनीच्या लायनीवर बसून केसाएवढ्या वायरी जोडू? सुईत दोरा ओवायला मला शेजारीण लागती!

मग शोरूमवाल्यांनी शिकवायला पोरगी धाडली, तेजस्विनी. गोड पोरगी, तिच्यावर राग न्हाई माझा. "मावशी, खूप फीचर्स आहेत हिच्यात!" म्हणलं बाई, फीचर राहू दे, एसीचं बटण कुठं हाय? तर म्हणती, "बटण नसतंच मावशी. स्क्रीनवर जायचं, मग क्लायमेट, मग फॅन, मग बोट असं सरकवायचं." म्हणलं, भोसरीच्या चौकात डावीकडनं डंपर, उजवीकडनं रिक्षा, म्होरं खड्डा, आन् मी बोट सरकवत बसू? जुन्या गाडीत नजर रस्त्यावर आन् हात बटणावर... हाताला ठावं असायचं सगळं! ज्यानं कुणी ही गाडी काढली ना कागदावर, त्यानं चाकणचा रस्ता सकाळी सात वाजता एकदा तरी बघितलाय का हो?

आन् स्टेपनी? स्टेपनी न्हाई! डिकी उघडली, तर पिशवीत एक पंप आन् एक बाटली. "पंक्चर झालं तर हे ओतायचं मावशी." औषध पाजायचं टायरला! काळेवाडीत आमचे एहसानभाई मिस्त्री हायेत, त्यांना नेऊन दाखवली. त्यांनी दार लावून बघितलं, एकदा, दोनदा, तीनदा. जुन्या गाडीचं दार कसं, धप्प! हिचं दार... टिण्ण! एहसानभाई म्हणले, "कुसुमताई, पत्रा नहीं है, पापड है." आन् छताला काच! वर बघायला. वर काय बघायचं, चाकणची धूळ? जिथं माणसाचा हात लागतो तिथं समदी काटकसर, आन् जिथं नुसती नजर लागती तिथं चकचकाट. लग्नातल्या रुखवतासारखी गाडी... बघायची, वापरायची न्हाई!

तर मी रडकुंडीला आले. म्हणलं तेजस्विनी, मला एक तरी बटण दे गं! तवा ती पोरगी कानात सांगितल्यागत म्हणती, "मावशी, सोप्पं करून देते. गाडीला नुसतं 'हाय' म्हणा. ती जागी होते. मग काय पाहिजे ते मराठीत सांगा."

हाय म्हणा!

आता मला सांगा, आमी मोशी-चऱ्होलीकडच्या बायका. आमच्या तोंडात 'हाय' शिवाय दुसरं हाय काय?

सोमवार उजाडला. बायका रस्त्यावर उभ्या. दाराचं हँडल पण आत लपलेलं, सापडंना. आमची सरूबाई दारावर टकटक करती, "कुसुमताई, कोण हाय का आत?" आतली बाई जागी! एकदम शाळेतल्या बाईंच्या आवाजात, "नमस्कार. मी आपली काय मदत करू?" सरूबाई म्हणती, "अगं बया, तू दुसरी बाय ठिवलीस व्हय कामाला?"

निघालो. सरूबाई म्हणाली, "लई गरम हाय गं." "तापमान अठरा अंश केले आहे." मी म्हणलं, बया, बटण सापडलं की! पर पाच मिन्टात मागं दात वाजायला लागले. मागच्या शिटावरची साबिया म्हणाली, "माझ्या मांडीवर डबा हाय, गार होतोय." "डबा या नावाची चार ठिकाणे सापडली. कुठे जायचे?" मी वरडले, "गप बस!" तर म्हणती, "बस मार्ग दाखवत आहे." अवं, पण गप करायचं बटण कुठं हाय?

आन् मग व्हायचं ते झालं. नाशिक फाट्याच्या म्होरं गाडी अडकली. माझा जीव घड्याळात. सरूबाई इचारती, "ही गाडी निवडली कुणी?" माझा फुटला बांध. म्हणलं, "आपल्या शेठनं! लई हुशार माणूस हाय त्यो! फोन लाव शेठला आन् इचार, काय बघून घेतली ही!" आतली बाई कायतरी पुटपुटली. दिवसभर पुटपुटतीच ती, कोण ध्यान देतंय! मी सुटलेच. "रंग बघून घेतली! त्या माणसाला टायर आन् टरबूज यातला फरक कळत न्हाई! एहसानभाईला न्यायचं होतं संगं. आन् माझी व्हॅन इकताना मला एक शब्द? एकवीस वर्षांत एकदा तरी त्या व्हॅननं कुणाची शिफ्ट चुकवली का?"

तर छतातनं आवाज आला. "कुसुम."

शेठचा नंबर त्या तेजस्विनीनं आधीच गाडीत भरून ठिवलेला! शेठ म्हणले, "झालं बोलून?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "न्हाई, अजून हाय."

"ऐकत आहे," आतली बाई म्हणाली.

म्हणलं संपलं. गेलं स्टेरिंग. तर शेठनी हळूच इचारलं, "कुसुम... मागं दात कुणाचे वाजत्यात?" म्हणलं, "समद्यांचे. एसी अठरावर गेलाय." तर शेठ म्हणतात, "तू लावलास? अगं, तुला द्यायच्या आधी आठ दिवस एकटाच फिरवली ती गाडी, घामानं निथळलो, पण मला एसी लागला न्हाई. तेजस्विनीला तीनदा इचारलं, आता लाज वाटती. बटण कुठं सापडलं तुला?"

तर असं. सात मिन्टं राखून पोचलो. ओरखडा न्हाई. स्टेरिंग माझंच ऱ्हायलं. पर शेठनी अट घातली, "गाडीत हाय म्हणायचं न्हाई. ती जागी होती आन् दिवसाला अकरा येळा मलाच फोन लावती." म्हणून आता समद्या बायका 'आहे' म्हणतात. "सरूबाई, तब्येत बरी आहे का?" "बरी आहे." "पाऊस येणार आहे." "असे दिसत आहे." चाळीस मिन्टं मयताला बसल्यागत जातो.

आन् जिभेला लागलेलं वळण घरी कुठं सुटतंय? काल घरी गेले आन् आमच्या ह्यांना म्हणलं, "जेवण तयार आहे." ते पाटावरनं उठून उभेच ऱ्हायले. म्हणले, "कुसुम, माझं काय चुकलं का?"